दार उघडे, कपाट बंद

कळंबोली ही घाम गाळणाऱ्यांची वसाहत आहे. लोखंड-पोलाद बाजारातील माथाडी, मालमोटारींचे चालक, तळोज्याचे कारखाना-कामगार आणि नवी मुंबईसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या ते आगरी शेतकरी, यांची मुले आज महाविद्यालयात जातात. घरात पुस्तकाचे कपाट नसलेल्या या पिढीला महाविद्यालयाचे ग्रंथालय हाच खरा आधार. तिथे प्रवेश सर्वांना आहे, असे संस्थाचालक अभिमानाने सांगतात. हा अभिमान तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

कागदावरचे दार कसे असते, हे याच रायगड जिल्ह्याने दाखवून दिले आहे. सीताराम केशव बोले यांच्या १९२३ च्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. तरीही चवदार तळ्याचे पाणी प्यायला २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांसह हजारोंना तिथवर चालत जावे लागले. ठराव आणि हक्क यांतील अंतर संघर्षानेच तुटते.

ग्रंथालय दुसऱ्या मजल्यावर आणि उद्वाहक नाही, तर चाकाच्या खुर्चीवरील विद्यार्थ्याला ते खुले कसे? दिवसा काम करून शिकणाऱ्या मुलीला पाच वाजता बंद होणाऱ्या वाचनकक्षाचा उपयोग काय? अनामत रक्कम ज्याला जड जाते, त्याने कोणते पुस्तक घरी न्यावे? आणि अंधांनी? २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा दिव्यांगांसाठी पुस्तकाचे सुलभ रूप तयार करू देतो. मराकेश करार मान्य करणारा पहिला देश २०१४ मध्ये भारतच ठरला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा राखीव केल्या. पैसा नाही ही सबब येथे चालणार नाही, कारण पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारे एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. वाण आहे ती इच्छेची.

भेद केवळ जिन्यावर नसतो, तो कपाटाच्या मांडणीतही असतो. ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात धर्म या वर्गाचा बहुतांश भाग ख्रिस्ती धर्माने व्यापला आणि जगातील इतर सारे धर्म एका २९० मध्ये कोंबले गेले. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, असा नियम डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये घालून दिला. त्याचा अर्थ वाचकाकडे पाहून ग्रंथालय बदलणे हा आहे.

हे बदलायचे कोणी? नुकत्याच या व्यवसायात येणाऱ्या तरुण ग्रंथपालाने, असे सांगितले जाते. त्याने ५५ टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी घ्यावी, नेट उत्तीर्ण व्हावे आणि मग अकरा महिन्यांच्या करारावर राबावे! १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून देणाऱ्या धोरणाची ही फळे आहेत. ज्याची स्वतःची खुर्ची उद्या राहील की नाही ठाऊक नाही, तो प्राचार्यांना रॅम्प बांधा असे कोणत्या बळावर सांगणार? नॅकची समिती येते तेव्हा अहवालात ‘समावेशक ग्रंथालय’ झळकते. समिती गेली की ब्रेलची पुस्तके पुन्हा कुलपात जातात. वाचकाचा हक्क आणि ग्रंथपालाची शाश्वती या दोन मागण्या नव्हेत, ती एकच मागणी आहे.

तरुण ग्रंथपालानेही एवढ्यावर थांबून चालणार नाही. नोकरी अस्थिर आहे म्हणून वाचकाशी तुटकपणे वागण्याचा परवाना कोणालाही मिळत नाही. कोण ग्रंथालयात येतो याची नोंदवही तो रोज ठेवतो. कोण येत नाही, याची नोंद त्याने पहिल्या महिन्यातच घ्यावी आणि ती विद्यार्थ्यांपुढे ठेवावी. ज्या माथाडींनी १९६९ चा कायदा लढून मिळवला, त्यांच्या मुलांना हक्काची भाषा नव्याने शिकवावी लागणार नाही.

आणि पक्षाचे कार्यकर्ते? गिरणी आणि गोदी यांच्या फाटकावर जाणाऱ्या चळवळीने ग्रंथालयाचे दार आजवर किरकोळ मानले. कळंबोलीतील प्रत्येक महाविद्यालयाच्या संस्थाचालकांना तीन प्रश्न जाहीरपणे विचारले जावेत: ग्रंथपालाचे पद कायम आहे काय? संध्याकाळी वाचनकक्ष उघडा असतो काय? अंध विद्यार्थ्याला या सत्राचे पुस्तक या सत्रातच मिळते काय? उत्तर मिळेपर्यंत हे प्रश्न विचारीत राहणे, हे समाजवादी कार्यकर्त्याचे कर्तव्य आहे.