चिखलदऱ्याला स्वित्झर्लंड म्हणू नका

मंडळी, एप्रिल लागला, नागपूरचा पारा पंचेचाळिशीकडे सरकू लागला, की फोनवर जाहिरातींचा पाऊस सुरू होतो. त्यात हमखास एक असते : ‘चला विदर्भाच्या मिनी स्वित्झर्लंडला, चिखलदऱ्याला!’ अहो, ‘विदर्भाचे नंदनवन’ हे जुने नाव काय वाईट होते? पण माझे भांडण नावाशी नाही. आपल्याला स्वित्झर्लंड म्हणजे काय ते कळलेलेच नाही, आणि न कळता त्याची नक्कल चालली आहे, याच्याशी आहे.

आमच्याच नात्यातली चार कुटुंबे तिकडे जाऊन आली. अकरा दिवसांत सहा देश. टिटलिसवर शाहरुख-काजोलच्या कटआउटशेजारी फोटो, दोन मुठी बर्फ एकमेकांवर फेकणे, की झाले स्वित्झर्लंड. (रागावू नका बरं का, लाडक्यांनो. खाकरे मीही नेले होते.)

माझी लेक झुरिकला असते, म्हणून मला वेगळे पाहायला मिळाले. गिमेलवाल्ड नावाच्या पहाडी खेड्यात मी दोनदा राहिले, एकदा जूनमध्ये आणि एकदा जानेवारीत. शे-सव्वाशे वस्तीचे गाव. मोटार वर जात नाही, रोपवेने जायचे नाही तर पायी. जूनमध्ये काय पाहिले? जिथे आपली बकरीही घसरेल अशा उतारावर म्हातारी माणसे गवत कापत होती. गावातली जनावरे उन्हाळी चराईला आणखी वर गेलेली. जानेवारीत गेले तर सगळे पांढरेशुभ्र, आणि गोठ्यांत त्याच गाई तेच जूनचे गवत रवंथ करत बसलेल्या. गल्लीत शेणाचा वास! पर्यटक नाक मुरडत नाहीत, गवळ्याच्या दारातून चीज विकत घेऊन पुढे जातात.

आपण कॅलेंडरवर लावतो ती हिरवी कुरणे आपोआप उगवलेली नाहीत, हे मला तिथे कळले. चारपाच वर्षे कोणी गवत कापले नाही, गाई चरल्या नाहीत, तर तिथे झुडपे माजतात. म्हणून त्यांचे सरकार उतारावरचे गवत कापायला आणि गाई वर न्यायला शेतकऱ्याला रोख पैसे देते. उतार जितका तीव्र तितके जास्त. आणि २०१२ साली मार्चमध्ये तिथल्या लोकांनी, अगदी काठावरच्या बहुमताने का होईना, कौल दिला की कोणत्याही गावात सुटीपुरती वापरायची घरे एकूण घरांच्या वीस टक्क्यांवर जाता कामा नयेत. बिल्डरांनी कमी आरडाओरडा केला नसेल! तिथेही सगळे गोड नाही. गिमेलवाल्डच्या खालचेच लाउटरब्रुनेन इतके गर्दीने गुदमरले, की २०२४ मध्ये मोटारीने दिवसापुरते येणाऱ्यांकडून प्रवेश-शुल्क घ्यावे का, यावर गावात खल सुरू झाला. पण खल गाव करते, हे लक्षात घ्या.

आता आपल्याकडे या. चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर आहे, गिमेलवाल्ड साडेतेराशेच्या आसपास. फरक फार तर अडीचशे मीटरचा! (बर्फ का पडत नाही, हे माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी अक्षांश आठवून सांगावे.) आणि गवळी म्हणाल तर शेजारच्या गाविलगडाचे नावच गवळ्यांवरून पडले असे मानतात. १८०३ च्या डिसेंबरात वेलस्लीने तो किल्ला घेतला, त्याच्या कितीतरी आधीपासून ही माणसे या पठारावर गुरे राखतात. त्यांचा खवा आणि रबडी आपण पिशव्या भरभरून आणतो. त्यांना चराईला जागा किती उरली, हे विचारत नाही.

आणि कोरकू? समोरासमोर दोन ओळींत घरे, मध्ये रुंद अंगण-रस्ता, शेणामातीने सारवलेल्या भिंती. त्यांची बोली मराठीची नाही, हिंदीची नाही, गोंडीचीही नाही. ती संथाली-मुंडारीच्या कुळातली. स्वित्झर्लंडमध्ये रोमान्श बोलणारे जेमतेम पन्नास-साठ हजार, पण १९३८ साली मतदान घेऊन तिला राष्ट्रभाषांत बसवले आणि नोटेवर छापले. आपल्याकडे कोरकू बोलणारे लाखोंनी आहेत. चिखलदऱ्याला सुटीवर गेलेल्या एका तरी नागपूरकराला ‘पाणी’ला कोरकूत काय म्हणतात ते येते का?

मागे मी उतरले त्या रिसॉर्टचा मालक बाहेरचा, आचारी बाहेरचा, खुर्च्या-टेबले बाहेरची. कोरकू होती ती फक्त भांडी घासणारी पोरगी. रात्री अकरापर्यंत डीजे. सकाळी देवी पॉइंटवर कुरकुऱ्यांची पाकिटे. आणि विकास म्हणजे काय, तर दरीवर काचेचा स्कायवॉक! त्यावर उभे राहून खाली जे पाहायचे, त्या जंगलात आणि गावांत कोणाला रस आहे?

मी हे बोलले की एक उत्तर ठरलेले असते : “काकू, मेळघाटात कुपोषण आहे, तिथल्या गावात राहून मजा कशी करायची?” उत्तर ऐकायला सद्‌गदित, पण रिसॉर्टात पनीर खाताना ही करुणा कुठे जाते? शिवाय आल्प्सची गावे काय जन्मतः श्रीमंत होती? १८१९ मध्ये दोन हजारांवर स्विस माणसे पोटासाठी ब्राझीलला जहाजाने निघाली, वाटेत शेकडो मेली. पहाडी खेड्यांत शंभर वर्षांपूर्वीपर्यंत घराघरात गलगंड, आणि मुले मतिमंद जन्मायची. १९१८ साली ओटो बेयार्ड नावाच्या डॉक्टरने ग्रेखन या पहाडी गावात आयोडीनचे मीठ देऊन पाहिले, १९२२ मध्ये देशाच्या समितीने त्याची शिफारस केली, आणि पुढच्या पिढीत तो शाप संपत आला. गाव आजारी म्हणून त्यांनी गाव टाकले नाही, आणि गावाकडे पाठ करून दरीत काचही बसवली नाही.

मला हवे आहे ते फार मोठे नाही. चिखलदऱ्याच्या आसपासच्या गावांत कोरकू आणि गवळी घरांनाच खोल्या काढायला कर्ज द्या, परवानगी द्या. बाहेरच्यांच्या बंगल्यांवर वीस टक्के नाही तर तीस टक्के, पण मर्यादा घाला. आणि आपण मे महिन्यात दोन रात्री धिंगाणा घालण्याऐवजी चार दिवस राहा. एकदा उन्हाळ्यात जा, होळीच्या सुमारास गेलात तर कोरकूंचा सण दिसेल. एकदा डिसेंबरात जा, पहाटेची थंडी हात चोळायला लावते. कोदो-कुटकीचा भात खा. दुधाचे पैसे गवळ्याच्या हातात द्या.

नागपूरहून सव्वादोनशे किलोमीटर आहे, परतवाड्यापुढचा घाट धरून सहा तास समजा. व्हिसा लागत नाही.