पीळदार शरीर आणि घरची डाळ-भाकरी

अलीकडे आमच्या शाळेंतील वरच्या इयत्तांच्या विद्यार्थ्यांत शरीर कमावण्याची हौस वाढत आहे, ही गोष्ट आम्ही समाधानाची समजतों. आमच्या वऱ्हाडांतच, अमरावतीस, १९१४ सालीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झालें, व त्याच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिकच्या प्रसंगीं देशी खेळ करून दाखविले. अशा प्रांतांतील मुलांना व्यायामाची आवड असावी हें योग्यच आहे. परंतु या हौसेबरोबर दोन चुकीच्या समजुती घरोघर शिरल्या आहेत. त्यांविषयीं चार शब्द सांगणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

पहिली समजूत अशी कीं, जितकें अधिक खावें तितके स्नायु वाढतात. मुलगा जोर-बैठका काढूं लागला कीं माउली प्रेमानें त्याच्या ताटांत तूप, साखर व तळलेले पदार्थ वाढूं लागते. पण स्नायु वाढतात ते व्यायामाच्या ताणानें. अन्न त्यांस केवळ साहित्य पुरवितें. गवंडी दिवसांत जेवढी भिंत रचूं शकतो त्याहून अधिक विटा आणून टाकल्या, तर भिंत लवकर उठत नाहीं. अंगण मात्र अडतें. त्याचप्रमाणें गरजेहून फार अधिक खाल्लेलें अन्न चरबी होऊन पोटावर सांचतें. एक ग्रॅम प्रथिनांत किंवा साखरेंत सुमारें ४ उष्मांक असतात, तर तेलातुपांत ९. म्हणून नेहमींच्या जेवणांत थोडीशीच भर घालावी, व ती भर डाळी-उसळींची असावी. उलटपक्षीं, चरबी नको म्हणून वाढत्या वयांत उपाशी राहणें हेंही तितकेंच अहिताचें आहे.

दुसरी समजूत अशी कीं, डब्यांतील महागड्या भुकटीवांचून शरीर बनतच नाहीं. ही भुकटी विष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पुष्कळदां ती दुधाचीच केलेली असते. आमचा आक्षेप तिच्या अनावश्यकतेस आहे. आपण हिशेबच करून पाहूं. ५० किलो वजनाच्या व नित्य व्यायाम करणाऱ्या मुलास दिवसाला सुमारें ६० ग्रॅम प्रथिनें पुरेशीं होतात. ज्वारीच्या पाव किलो पिठांत सुमारें २५ ग्रॅम, ६० ग्रॅम तुरीच्या डाळींत १३, ५० ग्रॅम हरभऱ्यांत १० आणि अर्धा लिटर दुधांत १६ ग्रॅम प्रथिनें मिळतात. बेरीज साठाच्या वर जाते. दूध न परवडल्यास दोन अंडीं, अथवा मूठभर सोयाबीनच्या वड्या घ्याव्या. तेल काढून घेतल्यावर उरलेल्या सोयाबीनच्या पेंडीपासून या वड्या होतात. म्हणून त्यांत प्रथिनें जवळजवळ निम्मीं आणि चरबी अगदीं थोडी असते. शिवाय ज्वारींत लायसिन हा प्रथिनांचा घटक कमी असतो, तो डाळींत भरपूर असतो. भाकरी आणि वरण एकमेकांची उणीव भरून काढतात.

आमच्या वाशीम जिल्ह्यांत, रिसोडापासून कारंज्यापर्यंत, सोयाबीन, तूर आणि हरभरा शेतोशेतीं पिकतात. ज्या बापानें हें धान्य पिकवून मिळेल त्या भावानें विकलें, त्याच्याच मुलानें डब्यासाठीं त्याच्यापाशीं हट्ट धरावा, ही गोष्ट आम्हांस फार खेदाची वाटते. त्या पैशांत घरांतील सर्व भावंडांची उसळ होईल. आणि सर्व भावंडें म्हणतांना मुलीही आल्याच. पुष्कळ घरांत दूध व अंडीं मुलाच्या ताटांत पडतात आणि मुलीच्या वांट्यास भाकरी व चटणी येते. मुलीचींही हाडें व स्नायु याच वयांत घडत असतात. तेव्हां हा भेद पालकांनीं आजच सोडावा.

पवित्र शास्त्रांत दानीएल व त्याच्या सोबत्यांची हकीकत आहे. त्यांनीं राजाचें मिष्टान्न नाकारून दहा दिवस शाकान्न व पाणी घेतलें, आणि ते इतरांहून अधिक सतेज दिसले. त्यांचें बळ निग्रहांत होतें. विद्यार्थिमित्रांनो, नियमित व्यायाम, घरची डाळ-भाकरी, आठ तासांची झोंप आणि महिनोन् महिने धीर, एवढी सामग्री तुमच्यापाशीं आहे. शरीर ही देवानें सोंपविलेली ठेव आहे. ती बापाला कर्जांत न घालतां वाढवितां येते, हें ध्यानांत ठेवा.