टीव्हीची नोंद आपल्या घरात हवी

टीव्हीवर बायकांचे काय दाखवले जाते, याबद्दल आपण संघटनांमधून निदान चाळीस वर्षे बोलत आलो आहोत. शिबिरांत बोललो, निवेदने दिली, केंद्रांवर मोर्चे नेले. प्रभा कृष्णन आणि अनिता दिघे यांचे दूरदर्शनवरील स्त्रीप्रतिमेविषयीचे पुस्तक १९९० साली आले, तेव्हा बहुतेक घरांत दूरदर्शनशिवाय दुसरे काही दिसतच नव्हते. आज वाहिन्या शेकड्यांनी आहेत, आणि तक्रार करायला बसले की आपल्या हातात आठवणीशिवाय काही नसते. म्हणून माझे म्हणणे असे आहे, की प्रत्येक जिल्ह्यातल्या निदान एका गटाने घरच्या संगणकावर टीव्हीचे कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवायला लागावे. नियमाने, तारीखवार, वही ठेवून.

"कशाला? सगळे इंटरनेटवर असतेच की," असे मैत्रिणी म्हणतात. असते, पण काय असते ते वाहिनी ठरवते. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार झाला. एका वृत्तवाहिनीने मुलीचे नाव घेतले नाही, चेहरा धूसर केला, आणि मग कॅमेरा तिच्या गल्लीतून, शाळेच्या पाटीवरून, घराच्या दारापर्यंत नेला. गावाला आणखी काय सांगायचे बाकी राहिले? आमच्या गटातल्या तिघींनी ते पाहिले आणि आम्ही तक्रार केली. उत्तर आले, की असे दृश्य प्रसारित झालेलेच नाही. वाहिनीच्या संकेतस्थळावर तीच बातमी होती, पण पाटी आणि दार कापलेले. तिघींची साक्ष एका बाजूला आणि वाहिनीची चकचकीत फीत दुसऱ्या बाजूला. तक्रार तिथेच मिटवली गेली.

वाहिन्यांनी प्रसारित मजकूर ९० दिवस जपून ठेवायचा, अशी सरकारी अट आहे. म्हणजे पुरावा ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच कपाटात, तोही तीन महिन्यांपुरता. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तक्रारीचे तीन टप्पे झाले. पहिल्यांदा वाहिनीकडे जायचे, तिने १५ दिवसांत निर्णय द्यायचा. समाधान झाले नाही तर वाहिन्यांच्याच स्वनियमन मंडळाकडे, आणि शेवटी केंद्र सरकारच्या समितीकडे. तालुक्याच्या गावातून हे टप्पे चढेपर्यंत ९० दिवस कधी सरतात ते कळतही नाही.

बातमीचे निदान एका दृश्यावर भागते. मालिकांचे तसे नाही. केबल टेलिव्हिजनच्या १९९४ च्या नियमांत स्त्रीची अवहेलना करणाऱ्या चित्रणाला बंदी आहे, पण त्या कलमाची सगळी नजर बाईच्या शरीरावर, अश्लीलतेवर. १९८६ चा स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा कायदाही त्याच वळणाचा. भरजरी साडी नेसलेल्या सुनेला नवरा थोबाडीत मारतो, ते तीनदा संथ गतीने दाखवतात, कॅमेरा घरातल्या एकेका बाईच्या तोंडावर फिरतो आणि एकही जण ब्र काढत नाही, यात असभ्य काय आहे? कायद्याच्या डोळ्यांना काहीच नाही. असे एकदा दाखवले तर तो कथेचा भाग झाला. महिनाभर पाच मालिका रोज रेकॉर्ड करून पाहा, कोण मारते, कोण माफी मागते, पुढच्या भागात त्या थोबाडीतीचा उल्लेख तरी होतो का, हे मोजा, मग त्यातली रीत दिसू लागते. त्या दृश्याच्या आगेमागे लागणाऱ्या जाहिरातीही मोजा. वाहिनीच्या ॲपवर भाग सापडेल, पण त्या दिवशी त्या वेळी टीव्हीवर लागलेल्या जाहिराती त्याच्यासोबत सापडणार नाहीत. आपल्याला हवे आहे ते प्रसारित झाले तसे, आहे तसे.

आणि हे मोजणार कोण? संध्याकाळी सात ते दहा ही मालिकांची वेळ, तीच भाकऱ्या थापण्याची, मुलांचा अभ्यास घेण्याची, सासूबाईंच्या औषधाची. बहुतेक बायका मालिका पाहतात कमी आणि ऐकतात जास्त. रिमोट कोणाच्या हातात असतो ते वेगळे सांगायला नको. माध्यमांची चिकित्सा आजवर ज्यांची संध्याकाळ मोकळी असते अशांनीच केली, यात नवल नाही. संगणकावर वेळ लावून ठेवली, की तोच भाग दुपारी अडीच वाजता चौघी मिळून पाहू शकतात, थांबवू शकतात, पुन्हा मागे नेऊ शकतात. आमच्याकडे घरकाम करणाऱ्या दोघी या मोजणीत आहेत, आणि आमच्या नजरेतून सुटलेल्या निम्म्या गोष्टी त्यांनी दाखवून दिल्या आहेत.

एकट्या बाईने हे केल्याचे उदाहरणही आहे. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात मॅरियन स्टोक्स नावाच्या कृष्णवर्णीय बाई होत्या. पूर्वी ग्रंथपाल, नागरी हक्कांच्या चळवळीतल्या. १९७९ साली इराणमध्ये अमेरिकी वकिलातीतल्या लोकांना ओलीस धरले, तेव्हापासून त्यांनी घरी टीव्हीच्या बातम्या रेकॉर्ड करायला घेतल्या, त्या २०१२ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत. एकाच वेळी अनेक यंत्रे चालू असत, कॅसेट बदलण्याच्या वेळेवर घरातल्यांचे जेवणखाण, बाहेर जाणे ठरे. मागे सुमारे ७० हजार कॅसेट राहिल्या. त्या आता 'इंटरनेट आर्काइव्ह' या संस्थेकडे आहेत. त्यांच्याकडे पैसा होता आणि घरच्यांनी बरेच सोसले, तेव्हा तो कित्ता जसाच्या तसा गिरवण्यात अर्थ नाही. पण वाहिन्यांनी स्वतः जपले नाही ते एका बाईने जपले, एवढे खरे.

आपल्याला कॅसेटची गरज उरलेली नाही. त्या पावसाळ्यात बुरशीने जायच्या, नाहीतर घरात कोणीतरी त्यावर क्रिकेटचा सामना घ्यायचे. आता साधारण दर्जाचे एक तासाचे चित्रण दोन जीबीत बसते. एक टीबीच्या डिस्कवर पाचशे तास मावतात. मुलाने नवा लॅपटॉप घेतला की जुना संगणक माळ्यावर जातो, तो खाली काढा. या कामाला तो पुरतो.

अडचण आहे ती वेगळीच. २००० च्या सुमारास संगणकात टीव्ही ट्यूनर कार्ड बसवले, की केबलची वायर थेट त्यात लावता येई. मुंबईत २०१२ च्या अखेरीस आणि पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांत २०१३ पासून केबल डिजिटल झाली, प्रत्येक टीव्हीपुढे सेट टॉप बॉक्स आला, आणि ती कार्डे एका फटक्यात निकामी झाली. काही बॉक्समध्ये पेनड्राइव्ह लावून रेकॉर्ड करता येते, पण ते बहुधा त्याच बॉक्सवर दिसते, संगणकावर उघडत नाही. बॉक्स बदलला की सगळे गेले. मोबाइलवर वाहिन्यांची ॲप उघडून स्क्रीन टिपायला जावे, तर पुष्कळदा नुसता काळा चौकोन मिळतो.

कायदा मात्र याच्या आड येत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ३९ व्या कलमात स्वच्छ म्हटले आहे, की स्वतःच्या खाजगी वापरासाठी किंवा केवळ प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेले मुद्रण हा प्रसारण हक्काचा भंग नव्हे. समीक्षेसाठी उतारे वापरायलाही वाव आहे. कायद्याने दिलेली मुभा बॉक्सच्या कुलपाने काढून घ्यावी, याला कोणाची संमती होती? ग्राहक संघटना यावर बोलत नाहीत, कारण त्यांना हा मनोरंजनाचा प्रश्न वाटतो. आपण बोलायला हवे.

तोवर दोन वाटा आहेत. दूरदर्शनच्या फ्री डिशवरील पुष्कळ वाहिन्या कुलपाविना येतात. छतावरच्या तबकडीची वायर संगणकाला जोडायचे डीव्हीबी-एस कार्ड मिळते, आणि टीव्हीहेडएंडसारखी फुकट प्रणाली वेळापत्रकाप्रमाणे रेकॉर्ड करत राहते. सह्याद्री वाहिनी अशी घेता येते. खाजगी केबलसाठी, बॉक्सच्या मागे पिवळी, लाल, पांढरी अशी तीन छिद्रे असतील तर तिथून वायर घेऊन लहानशा कॅप्चर यंत्रातून चित्र बहुधा संगणकात उतरते. दर्जा बेताचा, पण पाटी वाचता येते.

एक गोष्ट मात्र सक्तीची मानावी. अत्याचारित बाईची ओळख उघड करणारी फीत आपल्याकडे आली, तर ती व्हॉट्सॲपवर कोणालाही पाठवायची नाही, 'बघा काय दाखवतात' म्हणूनसुद्धा नाही. भारतीय न्याय संहितेचे ७२ वे कलम आणि मुलांच्या बाबतीत पॉक्सोचे २३ वे कलम ओळख प्रसिद्ध करणाऱ्याला लागते, त्यात हेतू चांगला होता हे सांगून फारसे भागणार नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती मुलगी पुन्हा एकदा दारादारांत पोचते. फीत कुलपात ठेवा, तक्रारीत तारीख, मिनिट, सेकंद लिहा, आणि संबंधित अधिकाऱ्याने मागितली तरच द्या.

न्यायालयात जायचे झाले तर २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमाप्रमाणे प्रमाणपत्र लागते. त्यात संगणक कोणता, तो कोणाच्या ताब्यात होता, आणि फाइलचा हॅश किती, हे द्यावे लागते. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. एक अक्षर बदलले तरी तो बदलतो. म्हणून मूळ फाइल कापायची नाही, नाव बदलून नवी करायची नाही. तुकडा हवा तर प्रत काढून कापा. वहीत रोज तारीख, वाहिनी, सुरू-बंदची वेळ, लावणारीचे नाव आणि हॅश लिहा. आणि दुसरी डिस्क दुसऱ्या मैत्रिणीच्या घरी ठेवा, शक्यतो दुसऱ्या गावी.