माळरानावरील मोटारगाड्यांचे मेळावे व गावाच्या अटी

पक्का रस्ता सोडून माळावरून, ओढ्यानाल्यांतून व खडकाळ उतारांवरून मोटारगाड्या चालवण्याचा छंद अलीकडे आपल्या मुलखात पुष्कळ वाढला आहे. अशा गाडीच्या चारही चाकांना इंजिनाचा जोर पोचतो, म्हणून तिला ‘फोर बाय फोर’ म्हणतात. आणि या छंदास तरुण मंडळी ‘ऑफरोडिंग’ म्हणतात. आमच्या नोकरीच्या काळात जीप ही फक्त साहेबाच्या फिरतीची गाडी असे. 2010 साली महिंद्र कंपनीची थार बाजारात आली, 2020 साली तिची नवी आवृत्ती निघाली, आणि तेव्हापासून ही गाडी हौसेची वस्तू झाली. सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यानिमित्त देशभर पांगलेले खानापूर तालुक्यातील लोक यात्रेस व दिवाळीस गावी येतात, तेव्हा विट्याच्या रस्त्यांवर या गाड्या आता सर्रास दिसतात.

गाड्या आल्या की त्यांचा मेळा भरवावा अशी इच्छा होणे साहजिकच आहे. विट्याच्या परिसरातील माळ, मुरमाड टेकड्या व कोरडे ओढे या कामास फार सोयीचे आहेत, असे या छंदाची मंडळी म्हणतात. तेव्हा असा मेळा आपल्या शिवारात भरवू द्यावा की नाही, आणि भरवू द्यायचा तर कोणत्या अटींवर, याचा विचार जमीनधारकांनी आधीच करून ठेवणे शहाणपणाचे होईल. गाड्या शिवारात शिरल्यावर विचार करण्यात काही अर्थ नसतो.

या बाबतीत दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, हा श्रीमंतांचा खेळ आहे, त्यास शिवारात थारा देऊ नये. दुसरा पक्ष म्हणतो, माळ पडीकच आहे, चार गाड्या फिरल्याने कोणाचे काय जाते? आमच्या मते दोन्ही पक्ष चुकतात. मेळा अवश्य व्हावा. परंतु जागा, वाट, वेळ व भरपाईची जबाबदारी या चार गोष्टी गावाने ठरवाव्यात, पाहुण्यांनी नव्हे. आणि तो गायरानात न भरता, धन्याने राजीखुशीने व मोबदला घेऊन दिलेल्या खाजगी खडकाळ जमिनीतच भरावा.

प्रथम ‘पडीक’ या शब्दाचा खुलासा केला पाहिजे. महसुली दप्तरात आमची हयात गेली, म्हणून हे अधिकाराने सांगतो की, दप्तरात पोटखराबा म्हणून लिहिलेली जमीन म्हणजे बेवारस जमीन नव्हे. ती लागवडीस अयोग्य एवढाच त्याचा अर्थ. तिला धनी असतोच. गायरानाचे तर त्याहून वेगळे आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 हिच्या कलम 22 अन्वये ती जमीन गावच्या जनावरांच्या मोफत चराईसाठी राखून ठेवलेली असते. गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणाविषयी सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या जानेवारीत निकाल दिला, व त्यास अनुसरून राज्य सरकारने 12 जुलै 2011 रोजी गायरानाच्या वापरावर कडक बंधने घातली. ज्या जमिनीवर गावातील गरिबाची शेळी व धनगराची मेंढरे जगतात, ती हौसेच्या खेळास देण्याचा अधिकार सरपंचास नाही आणि पाटलासही नाही.

माळावर गाड्या फिरल्याने काय होते, हे शेतकऱ्यास समजावून सांगावयास नको; तरी पाहुण्यांस ते माहीत नसते, म्हणून सांगितले पाहिजे. आपल्या माळावर मातीचा थर वीतभरही नसतो, खाली मुरूम. त्या पातळ थरावर पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवते तग धरून असतात. चढावर गाडीचे चाक जागच्या जागी फिरले की हा थर खरवडला जातो व चाकोरी पडते. त्याच उतारावरून दहा गाड्या गेल्या की चाकोरीची नाळ होते, आणि पहिल्या वळवाचे पाणी ती नाळ धरून धावू लागते. पुढे त्याची ओघळ होते, ओघळ तालीस फोडते, आणि तालीखालच्या वावरातील माती ओढ्यास मिळते. म्हणजे गाडी फिरली वरच्या माळावर, आणि नुकसान झाले खालच्या खातेदाराचे. त्यास तर कोणी विचारलेलेही नसते. 1972 च्या दुष्काळात आपल्या वडीलधाऱ्यांनी खडी फोडून, नालाबांध व ताली घालून जे काम उभे केले, ते एका रविवारच्या करमणुकीत फुटू देणे शोभत नाही.

बिघडलेला माळ सुधारावयास किती काळ लागतो, याची साक्ष जवळच आहे. देवराष्ट्र्याजवळील सागरेश्वरच्या उजाड डोंगरावर झाडे लावून व हरणे सोडून माणसांनी अरण्य उभे केले, आणि 1985 साली ते अभयारण्य म्हणून जाहीर झाले. त्यामागे अनेक वर्षांची मेहनत आहे. साताऱ्याजवळील कासच्या पठाराचा 2012 साली जागतिक वारशात समावेश झाला; तेथे गाड्या व माणसे यांची इतकी गर्दी लोटू लागली की, रोज किती लोकांस सोडावयाचे याची संख्या ठरवावी लागली. आधी गर्दी व मग नियम, असा उलटा क्रम तेथे झाला. आपण नियम आधी करावेत.

नियम केल्याने खेळ मरतो, असे मात्र कोणी समजू नये. बैलगाडी शर्यतींचा इतिहास आपल्या डोळ्यांसमोरचा आहे. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या बंद केल्या. राज्याने कायदा दुरुस्त करून नियम केले. 2021 च्या डिसेंबरात अटींवर परवानगी मिळाली, आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने तो कायदा कायम केला. आता जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेऊन व बैलांची तपासणी करून शर्यती उघडपणे होतात. बैल पळवावयास जर अर्ज, तपासणी व जबाबदार माणूस लागतो, तर दोन-दोन टन वजनाच्या पंचवीस गाड्या शिवारात घालावयास तो का लागू नये?

मोटारींच्या बाबतीतही कायदा मुका नाही. मोटार वाहन अधिनियम, 1988 याच्या कलम 189 प्रमाणे राज्य सरकारच्या लेखी संमतीवाचून शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी करणे हा गुन्हा आहे. म्हणून मेळा हा शर्यतीचा नसून, सावकाश व कौशल्याने अवघड वाट पार करण्याचा असला पाहिजे. शिवाय सामान्य विमापत्रातून शर्यत व वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. शर्यतीत अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करील. मौजेखातर गाडी नदीत घालणेही अंगाशी येते. 2023 च्या डिसेंबरात हिमाचलातील लाहौल भागात एकाने चंद्रा नदीच्या पात्रातून थार नेली, तेव्हा तेथील पोलिसांनी त्यास दंड केला. आपली येरळा व अग्रणी कोरड्या दिसल्या तरी त्यांच्या पात्रात गावांच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरी आहेत; गाडीचे तेल वाळूत सांडले तर ते विहिरीत उतरते. सबब नदीपात्र मेळ्यास वर्ज्य समजावे.

आता प्रत्यक्ष आखणीकडे वळू.

पहिली गोष्ट जागेची. बंद पडलेली दगडाची खाण, मुरूम उपसून झालेला खड्डा, किंवा ज्यात कुसळही धड उगवत नाही असा खाजगी खडक ही उत्तम जागा होय. धन्याने लेखी करारनामा करावा, शेजारच्या व खालच्या बाजूच्या खातेदारांची संमती घ्यावी, आणि जमिनीच्या तात्पुरत्या बिनशेती वापराबद्दल तहसील कचेरीस आधी विचारून लेखी उत्तर हाती ठेवावे. पोलीस ठाण्यासही कळवावे.

दुसरी गोष्ट वाटेची. वाट गाडीतून नव्हे, पायी चालून ठरवावी. गावचा नकाशा हाती घ्यावा. बरोबर मेळ्याचा प्रमुख, जमिनीचा धनी व गावातील एक जाणता मेंढपाळ असावा. बांध, ताली, पाणंद, विहिरी, जलवाहिन्या व टेंभू योजनेचे कालवे यांच्यापासून वाट दूर ठेवावी, आणि दोन्ही बाजूंस चुना मारून किंवा फीत बांधून ती आखावी. आखलेल्या वाटेबाहेर चाक गेले की ती गाडी त्या दिवसापुरती बाद, असा नियम आरंभीच वाचून दाखवावा.

तिसरी गोष्ट वेळेची. या मंडळींस पावसाळ्यातील चिखल फार प्रिय असतो; परंतु ओल्या जमिनीवर चाक गेले की ती दडपून जाते व ओघळीही तेव्हाच पडतात. शिवाय तो पेरणीचा व गवत वाढण्याचा काळ. ऑक्टोबरातील छाटणीपासून फळ उतरेपर्यंत द्राक्षबागांजवळ धुरळा उडणे परवडत नाही; घडावर बसलेली धूळ बाजारात भाव पाडते. यास्तव द्राक्षे उतरल्यावर व वळवापूर्वी, सकाळच्या थंड वेळी, बागांपासून दूर मेळा घ्यावा. त्या दिवसांत वाळलेल्या गवतास गाडीच्या तापलेल्या धुराड्याने आग लागण्याचे भय असते. म्हणून पाण्याचा एक टँकर व आग विझवण्याची साधने जागेवर पाहिजेत. टिटवी व तितर या दिवसांत उघड्या जमिनीवर अंडी घालतात, तेव्हा वाट पाहताना तेवढे ध्यान ठेवावे. मात्र त्या टँकरातील पाणी ओतून खेळण्यासाठी चिखल करणे सर्वथा मना असावे. कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून ज्या तालुक्यात आणावे लागते, तेथे ते चाकाखाली ओतणे यास आम्ही पापच म्हणू.

चौथी गोष्ट गाड्यांच्या शिस्तीची. आठ-दहा गाड्यांची एक तुकडी करावी. पुढे वाट जाणणारा, शेवटी अनुभवी मदतनीस, आणि दोघांकडे बोलण्याचे बिनतारी यंत्र असावे. अवघड जागी एका वेळी एकच गाडी सोडावी व खाली उभ्या असलेल्या एकाच माणसाच्या खुणेने ती चालवावी. चार जण चार बाजूंनी ओरडू लागले की गाडी उलटते. अडकलेली गाडी ओढण्याचा पट्टा चौकटीच्या मजबूत कडीसच अडकवावा, बंपरला नव्हे. ताणलेला दोर तुटला तर तो माणूस मारतो, म्हणून त्याच्या लांबीच्या दीडपट अंतरात कोणी उभे राहू नये. बघ्यांसाठी उताराच्या वरच्या अंगास दोर बांधून जागा राखावी, आणि मुलांस आवरण्यास गावचे स्वयंसेवक नेमावेत. प्रथमोपचाराची पेटी, रुग्णवाहिका व विट्यातील दवाखान्यास आगाऊ सूचना यांवाचून एकही गाडी सोडू नये. दारू प्यालेल्यास चाकास हात लावू देऊ नये.

पाचवी गोष्ट पैशाची. जमिनीचे भाडे धन्यास, आणि अनामत रक्कम पावती करून ग्रामपंचायतीकडे. तीस फूट ताल नव्याने घालण्यास यंत्राचा व मजुरीचा जो खर्च येईल, त्यापेक्षा अनामत कमी नसावी. मेळा संपल्यावर तीच मंडळी तीच वाट पुन्हा पायी चालतील, चाकोऱ्या बुजवतील, आडव्या चरी मारून पाण्याची वाट मोडतील, कचरा परत नेतील, आणि मगच अनामत परत मिळेल. जेवण बचत गटाच्या भगिनींनी रोख दराने करावे, आणि गाडी ओढण्यास गावचा ट्रॅक्टर लागला तर त्याचेही भाडे घ्यावे.

इतक्या अटी घातल्यास कोणी फिरकणार नाही, असा आक्षेप येईल. तो खरा नाही. गोव्यात 2014 पासून भर पावसात या खेळाची ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ नावाची मोठी चढाओढ होत आली आहे, आणि तीत लोक प्रवेशमूल्य भरून, कडक नियम पाळून उतरतात. अमेरिकेत वनखात्यानेच 1985 साली अशा चालकांसाठी ‘पाऊल हलके ठेवा’ या अर्थाची चळवळ सुरू केली. जी मंडळी हा छंद मनापासून करतात, त्यांस शिस्त हवीच असते. अटी ऐकून जे पळतील, ते न आलेलेच बरे.

आणि या मंडळींशी वैर धरण्याचेही कारण नाही. 2018 साली केरळात महापूर आला, तेव्हा अशाच हौशी चालकांच्या उंच गाड्या माणसे काढावयास धावल्या. 2019 साली कृष्णेने सांगलीकरांस काय दाखवले, ते कोणी विसरलेले नाही. अवघड वाटेवर सावधपणे गाडी चालवणारी, दोर-पट्टे बाळगणारी पन्नास तरुण माणसे तालुक्यात असणे हे संकटकाळी गावाचे बळ आहे. मेळ्यास परवानगी देताना, पुराच्या किंवा वणव्याच्या वेळी मदतीस येऊ असे त्यांच्याकडून लिहून घ्यावे.

सामाईक धनाचा वापर गावाने स्वतः ठरवला तर काय साधते, याचा दाखला आपल्याच तालुक्यात आहे. येरळेची वाळू ठेकेदार उपसून नेत होते. 1980 च्या दशकात बलवडी व तांदूळवाडीच्या लोकांनी तो उपसा थांबवण्यासाठी लढा दिला, थोडी वाळू आपल्या देखरेखीखाली विकली, श्रमदान केले, आणि त्यातून बळीराजा धरण उभे केले. वाळू तीच होती. फरक पडला तो अटी कोणी घालायच्या यामुळे.

तेव्हा शेतकरी बंधूंनी येत्या ग्रामसभेत हा विषय मांडावा, वरील अटींत आपापल्या शिवाराप्रमाणे फेरफार करून ठराव लिहून ठेवावा, आणि त्याची एक प्रत तलाठ्याकडे द्यावी. मेळ्याची मंडळी विचारावयास आली की ती प्रत त्यांच्या हाती ठेवावी, आणि पाणी पाजून मग बोलणे सुरू करावे.