चाबी कोणापाशी?

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटची. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर मराठी विभागाच्या संपादकांनी मोठ्या मनाने सांभाळून घ्यावे! पण विषय घरचा आहे, म्हणून मराठीतच लिहिते.

माझी मामी अकोल्याला पापड, कुरडया, सांडगे करून विकते. दोन वर्षांपूर्वी एका ओळखीच्याने तिला वेबसाइट करून दिली. मामीने हौसेने पाचशे पिशव्यांवर तिचा पत्ता छापून घेतला. आणि यंदा ऐन उन्हाळ्यात, वाळवणाच्या हंगामात, वेबसाइट बंद! डोमेन त्या माणसाच्याच नावावर होतं. त्याने मुदत वाढवली नाही, वरून मोबाइल नंबरही बदलला. पिशव्या रद्दीत.

सुट्टीत मी अमरावतीहून तिच्याकडे गेले तर म्हणाली, "तू इंजिनिअरिंग शिकून रायली ना? मंग तूच करून दे बाप्पा."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. रात्रभर जागून वर्डप्रेस, विक्स, शॉपिफाय यांचा तक्ता केला. रंग, थीम, पेमेंट, सगळं दाखवलं. मामीने एकच विचारलं, "सारं ठीक हाय, पन याची चाबी कोनापाशी राहीन?"

झालं! तीन वर्षांच्या शिक्षणात हा प्रश्न कुठल्याच पेपरला आला नव्हता.

वर्डप्रेस हे 2003 पासूनचं मुक्त सॉफ्टवेअर. आपण होस्टिंग घ्यायचं, त्यावर ते बसवायचं. होस्टिंगवाल्याशी पटलं नाही तर बाडबिस्तरा उचलून दुसरीकडे जाता येतं. विक्स, शॉपिफाय म्हणजे आपलं हॉस्टेल. महिन्याचे पैसे भरा. पाणी, लाइट, झाडलोट त्यांच्याकडे. पण विक्सवर बांधलेली साइट जशीच्या तशी उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. आणि फुकटातलं तर अजूनच बेभरवशाचं. अमेरिकेतलं जिओसिटीज याहूने 2009 मध्ये बंद केलं. गूगल बिझनेस प्रोफाइलवर फुकट बनणाऱ्या वेबसाइट मार्च 2024 मध्ये बंद झाल्या.

मग वर्डप्रेसच घ्यावं ना? माझंही तेच मत होतं. पण अपडेट, बॅकअप, कुणी हॅक केलं तर निस्तरणं, हे कोण करणार? उद्या मी नोकरीला पुण्याला गेले की मामीची गत पुन्हा तीच. म्हणजे तो 'ओळखीचा' गेला आणि त्याच्या जागी मी आले, एवढाच फरक!

म्हणून माझं मत बदललं. आधी डोमेन मामीच्या नावावर, तिच्याच ईमेल आणि मोबाइलवर. फोटो आणि भावाची यादी तिच्याजवळ, गिऱ्हाइकांचे नंबर तिच्या वहीत. त्यानंतर प्लॅटफॉर्म असा, की पापडाचा भाव तिला स्वतःला बदलता आला पाहिजे. आम्ही भाड्याचाच घेतला. पत्ता आपला असला की खोली बदलता येते!

आपल्या हॉस्टेलमधले कितीतरी जण खर्चापाण्यासाठी दुकानदारांना साइट करून देतात. वाईट काही नाही. पण आज रात्री मेसमधून आल्यावर एवढंच तपासा, की डोमेन कोणाच्या नावावर आहे? तुमच्या असेल तर त्यांच्या नावावर करून द्या. पास आऊट होण्याआधी.

मामीने नव्या पिशव्या छापायला टाकल्या आहेत. या वेळी फक्त शंभर. म्हणते, "पाहू बाप्पा आधी!"