नागलीची भाकरी डब्यातून परत का येते?

काल संध्याकाळी पोराचा डबा उघडला. नागलीची भाकरी जशीच्या तशी परत. बायको म्हणाली, "हल्ली फार नखरे वाढलेत याचे." मीही हो म्हणणार होतो. पण घरी हाच पोरगा गरम भाकरी उडदाच्या भुजाबरोबर मागून मागून खातो. मग शाळेतच काय होतं? खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "पप्पा, सगळे हसतात. गोवरी आणली म्हणतात."

मित्रांनो, हे मुंबईत नाही, आपल्या पेठमध्ये घडतंय. डोंगरउतारावर नागली पिकवणाऱ्या तालुक्यात! हसणाऱ्या पोरांचे आजे-पणजेही याच भाकरीवर जगले.

पोरांना काय बोलणार? त्यांना हे शिकवलं कोणी? पाहुणा आला की आपण भाकरी झाकून पोळ्या लाटतो. "डब्यात पोळी-भाजीच आणावी" अशी सूचना शाळा काढते आणि आपण मान डोलावतो. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष होतं. तेव्हा बॅनर लावले, फोटो काढले. वर्ष संपलं, नागली पुन्हा गरिबाची झाली. तीच नागली शहरातल्या मॉलमध्ये 'रागी कुकीज' म्हणून महाग विकली जाते. १०० ग्रॅम नागलीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात १०च्या आसपास. आणि आपण डब्यात काय टाकतो? पाच रुपयांचं कुरकुऱ्याचं पाकीट. वर म्हणायचं, पोरगं जेवत नाही!

हे झालं घरून डबा नेणाऱ्यांचं. शाळेतल्या खिचडीवर अवलंबून असणाऱ्यांचं काय? नोव्हेंबर २०२३मध्ये राज्य सरकारनं पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं. अंडं न खाणाऱ्याला केळी. जानेवारी २०२५मध्ये नवा जीआर आला. अंड्याचे पैसे सरकार देणार नाही, शाळेनं लोकसहभागातून बघावं. आता पेठच्या पाड्यावर लोकसहभाग कोणाकडून गोळा करायचा? निम्मा गाव द्राक्षबागेत मजुरीला गेलेला असतो. पोरं आवडीनं खातात ते बंद करायचं आणि कुपोषणावर बैठका घ्यायच्या, असा हा कारभार.

काही मुलांना ठरावीक वास, ठरावीक चव खरंच सहन होत नाही, हे मान्य. त्यांच्यावर जबरदस्ती नकोच. नवा पदार्थ थोडा थोडा, आठ-दहा वेळा समोर आला की पुष्कळ मुलं तो खायला लागतात. पण लाज वाटून परत आलेल्या डब्याला नखरे म्हणू नका.

माझी मागणी साधी आहे. अंड्याचा निधी परत सुरू करा. आणि शिक्षकांनो, आठवड्यातून एक दिवस तुम्ही स्वतः नागलीची भाकरी आणा, पोरांच्या पंगतीत बसून खा. परिपत्रकाची वाट बघू नका.

रात्री पोराला विचारलं, "उद्या काय देऊ?" थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "भाकरीच द्या. पण दोन द्या. एक त्याला खायला लावतो."

तुमच्या घरच्या डब्यात काय असतं? कमेंटमध्ये खरं खरं लिहा.