देखाव्याचे पैसे किती मोजायचे?

मुंबईला माल भरायला जाणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंना अलीकडे एक नवाच खर्च लागला आहे. पूर्वी क्रॉफर्ड मार्केटला किंवा मस्जिद बंदरला सौदा ठरला, की महंमद अली रोडवर पोटभर जेवायचे आणि रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस गाठायची, असा शिरस्ता होता. आता पेढीवरचा तरुण मालक म्हणतो, "चाचा, आज वर बसू या." वर म्हणजे एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवर, जिथून समुद्र आणि मरीन ड्राइव्हचे दिवे दिसतात. कधी तो आपल्याला नेतो, कधी आपण त्याला न्यायचे असते. न्यायची पाळी आपली असली म्हणजे कुठे जायचे आणि काय पाहून ठरवायचे, हे मात्र आपल्याला कोणी सांगितलेले नसते.

आमचे राधानगरीच्या पेठेत छोटे दुकान आहे. गेल्या हिवाळ्यात मुंबईला गेलो तेव्हा आमचा भाचा बरोबर होता. तो वेल्डिंगचे काम करतो. शटर, जाळ्या, जिने बनवतो. त्या रात्री गच्चीवर बसायची पाळी आलीच. आम्हाला मिळालेले टेबल खांबाच्या मागे होते आणि शेजारी स्वयंपाकघराचा धूर बाहेर टाकणारा पंखा घरघरत होता. समुद्र बघायचा तर मान वळवून, वाकून बघावा लागे. चौघांचे बिल सहा हजारांच्या वर गेले आणि पोट अर्धवटच भरले. परतीच्या गाडीत आम्ही हिशेब करत गप्प बसलो होतो. भाचा म्हणाला, "मामू, यांच्याकडे नुसते दिवे आहेत. आपल्याकडे आख्खा लक्ष्मी तलाव आहे. मी धरणाच्या बाजूला गच्ची बांधतो. दुकान गहाण ठेवू."

खर्च करणारा आणि खर्च करवू पाहणारा, दोघेही आमच्याच घरात निघाले! म्हणून हे दोन्ही बाजूंनी लिहीत आहोत.

आधी गिऱ्हाइकाची बाजू. देखावा गच्चीला असतो, प्रत्येक टेबलाला असतोच असे नाही. म्हणून जागा फोनवर ठरवताना नुसते "चौघांचे टेबल" म्हणू नये. कठड्यालगतचे हवे, तिथे बसायला किमान बिलाची अट आहे काय, असे स्पष्ट विचारावे. वेळ सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीची घ्यावी. मुंबईचा समुद्र पश्चिमेला, तेव्हा मावळतीचा रंग आणि नंतरचे दिवे दोन्ही एकाच बैठकीत पदरी पडतात. काचेआडची जागा असेल तर काळोख पडल्यावर काचेत स्वतःचेच तोंड जास्त दिसते, हाही अनुभव आहे. पावसाळ्यात उघड्या गच्चीचा विचारच सोडावा.

उंचीचा मोह तर अजिबात धरू नये. वरळीला एका पंचतारांकित हॉटेलच्या ३४ व्या मजल्यावर बसायची सोय आहे. दुसरीकडे ताजमहाल हॉटेलातले सी लाउंज पहिल्या मजल्यावर आहे आणि तिथल्या खिडकीतून गेटवे आणि होड्या जिवंत दिसतात, माणसेही माणसांएवढी दिसतात. तेही स्वस्त नाही. पण गिऱ्हाइकाला मान द्यायचा असेल तर रात्रीच्या जेवणापेक्षा दुपारचा चहा पुष्कळ कमी खर्चात तेच काम करतो. बोलणेही निवांत होते. गच्चीवर रात्री गाणी इतकी मोठ्याने लावतात, की भाव सांगायला बोटे दाखवावी लागतात.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांनी ध्यानात घ्यावी. गच्चीवरच्या बहुतेक ठिकाणांचा खरा धंदा दारूचा असतो, जेवण हे त्याला जोडून. न पिणारा माणूस तिथे बसला तरी भाड्याचा वाटा त्याच्या सरबताच्या किमतीत येतोच. मांस हलाल आहे काय, हे विचारायला संकोच करू नये, पण वेटरला विचारून उपयोग नसतो. तो "हो सर" म्हणतो. व्यवस्थापकाला बोलवावे. समोरच्यालाही आपला पेच कळू द्यावा. ज्याच्याशी लाखाचा व्यवहार करायचा, तो एवढ्याने नाराज होत नाही आणि झाला तर त्याचा स्वभाव फुकटात कळला.

बिल आले की वाचावे. खाली 'सर्व्हिस चार्ज' म्हणून जी रक्कम लावलेली असते, ती देणे सक्तीचे नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसे निर्देश काढले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. सभ्य शब्दांत काढायला सांगावे. जीएसटी मात्र द्यावाच लागतो. साध्या रेस्टॉरंटात तो ५ टक्के असतो, मोठ्या हॉटेलांतल्या रेस्टॉरंटात १८ टक्क्यांपर्यंत जातो. गिऱ्हाइकाला जेवू घातले तो धंद्याचाच खर्च, तेव्हा भरलेल्या कराची वजावट मिळेल, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती चुकीची आहे. आपल्यासारख्या माल विकणाऱ्याला खाण्यापिण्यावरच्या जीएसटीचे क्रेडिट कायद्याने मिळत नाही. तो पैसा गेलाच समजावा.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बसण्यापूर्वी पाहायची आहे. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री मुंबईच्या लोअर परळ भागात, कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या रेस्टॉरंटांना आग लागली आणि १४ माणसे गेली. त्यातली अनेक जण शौचालयात अडकून धुराने गुदमरली. वाढदिवस साजरा करायला आलेली पोरेबाळे होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबई महापालिकेने गच्चीवरच्या हॉटेलांसाठी धोरण आणले होते आणि त्यात गच्चीवर विस्तव पेटवून स्वयंपाक करायला मनाई होती. कागदावर सगळे होते. म्हणून वर गेल्यावर समुद्र नंतर बघावा, आधी दुसरा जिना कुठे आहे ते बघावे. छप्पर कशाचे आहे, ताडपत्री, बांबू, कापड की पत्रा, तेही पाहावे. आमचा भाचा त्या रात्री हेच पाहत होता. परतताना म्हणाला, "एकच जिना, मामू, आणि त्यातही खोकी रचून ठेवलेली." आम्ही ते पाहिले नव्हते, हे कबूल करतो.

आता मालकाची बाजू, म्हणजे भाच्याची.

जुन्या पिढीतल्या व्यापाऱ्यांना मलबार हिलवरचे नाझ कॅफे आठवत असेल. उघड्या गच्चीवर बसून अख्खी चौपाटी दिसायची, सिनेमावाले यायचे, नवी लग्न झालेली जोडपी यायची. जागा महापालिकेची होती. पालिकेने ती परत घेतली आणि कॅफे संपले. इतके नाव, इतका देखावा, पण पायाखालची जमीन आपली नव्हती. आमच्या लक्ष्मी तलावाचेही तेच आहे. शाहू महाराजांनी शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी भोगावतीवर हे धरण बांधायला घेतले आणि गावाला आपल्या मुलीचे नाव दिले. पाणी, धरण आणि काठाची जमीन सरकारची. पलीकडे दाजीपूरचे जंगल, तेही सरकारचे. आपण गच्ची बांधणार आणि विकणार ते दुसऱ्याच्या मालकीचे दृश्य. उद्या समोरच्या जागेत झाडे वाढली, शेड उभी राहिली किंवा शेजाऱ्याने आपल्याहून एक मजला जास्त चढवला, तर तक्रार करायला जागा नाही.

त्यातून आमचा मुलूख साधा नाही. दाजीपूरचे अभयारण्य १९५८ चे. १९८५ मध्ये ते वाढवून राधानगरी अभयारण्य झाले, क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर त्याचे नाव जागतिक वारशाच्या यादीत गेले. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र सरकारने अभयारण्याभोवती, कुठे २०० मीटर तर कुठे ६ किलोमीटरपर्यंत, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर केले. अशा क्षेत्रात अभयारण्याच्या हद्दीपासून १ किलोमीटरच्या आत, किंवा क्षेत्राची हद्द त्याआधी संपत असेल तर तिथपर्यंत, नवे व्यापारी हॉटेल वा रिसॉर्ट बांधता येत नाही. निसर्गपर्यटनासाठी लहान, तात्पुरत्या स्वरूपाची सोय तेवढी चालते. त्यापलीकडेही नियम आहेतच. म्हणजे जागा जितकी देखणी, तितका बांधकामाचा हक्क कमी. आधी लोखंड उभे करायचे आणि मग कागद जमवायचे, ही आमच्याकडची जुनी खोड इथे महागात पडेल. सातबारा, बांधकामाला लागणारी परवानगी आणि संवेदनशील क्षेत्राचा नकाशा, हे तिन्ही हातात आल्याशिवाय एक खांबही रोवू नये, असे आम्ही भाच्याला सांगितले.

त्याने विचारले, "पण गर्दी तर आपण डोळ्यांनी बघतो ना?" बघतो. जुलै-ऑगस्टमध्ये धरण भरले की सात स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. ते बघायला आणि राऊतवाडीच्या धबधब्यावर भिजायला कोल्हापूर, सांगली, बेळगावकडून गाड्या येतात. मेअखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला काजवे बघायला लोक येतात. हिवाळ्यात शनिवार-रविवारी गवे बघणारे दाजीपूरला जातात. पण मोजा. काजवे जेमतेम तीन आठवडे. पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांना बंद. दरवाजे उघडण्याच्या दिवसांत इथे पाऊस असा कोसळतो आणि धुके असे उतरते, की गच्चीवरून तलाव तर सोडाच, समोरचा रस्ता दिसत नाही. पर्यटक अशा वेळी छप्पर शोधतो, गच्ची नव्हे. शिवाय आमच्या पावसात लोखंडाचे काय होते, हे वेल्डरला आम्ही काय सांगावे? दर वर्षी खरवडून रंग द्यावा लागेल.

काजव्यांचे तर आणखी वेगळे. ते अंधारात चमकतात. गच्चीवर दिव्यांच्या माळा सोडल्या, तर ज्याच्यासाठी गिऱ्हाईक आले तेच नाहीसे व्हायचे. मुंबईच्या गच्चीचा थाट इथे आणला, की इथला माल आपल्याच हाताने बिघडला.

मग फेब्रुवारीतल्या मंगळवारी हॉटेलात कोण येणार? फोंडा घाटाकडे जाणारे ट्रकवाले, एसटीचे चालक-वाहक, तालुक्याच्या कचेरीत कामाला आलेली माणसे, मास्तर, बाजाराला आलेले शेतकरी. यातला एकही तलाव बघायला थांबत नाही. त्याला गरम भाकरी, नेटका रस्सा, स्वच्छ पाणी, गाडी लावायला जागा आणि बायकांसाठी बंद दाराचे स्वच्छतागृह हवे. आमच्या मते हॉटेल बांधायचे ते या माणसासाठी. पर्यटक त्याच्या मागोमाग येतो. जिथे ट्रकवाले जेवतात तिथे पुण्या-मुंबईचा माणूसही गाडी थांबवतो, हे आपण रोज बघतो. कोल्हापूरला रंकाळ्याच्या काठी भेळ खाणारे देखाव्याचे वेगळे पैसे देत नाहीत. भेळ चांगली असली तर पुन्हा येतात.

कर्जाबद्दल फार लिहीत नाही. व्याजाचा प्रश्न ज्याने त्याने आपल्या मनाशी ठरवावा. पण निव्वळ धंद्याच्या हिशेबाने पाहिले तरी तीन महिन्यांच्या कमाईवर बारा महिन्यांचा हप्ता बसत नाही, आणि गहाण पडणार ते चालते दुकान. वेल्डिंगचे काम बारमाही आहे. ते सोडून जाऊ नये. खरे तर तालुक्यात आणखी दहा जणांनी हॉटेले काढली, तर जिने, पत्र्याच्या शेड, चुलीवरचे धुरांडे यांची कामे त्यालाच मिळणार आहेत. बागवानाची भाजी, मुलाण्याचे मटण, पिंजाऱ्याच्या गाद्या, गवंड्याचे काम, सगळ्यांचे तसेच. दुसऱ्याच्या हॉटेलवर कमावणे हाही धंदाच आहे. तो कमीपणाचा नाही, आणि हॉटेल बुडाले तरी आपली मजुरी आधीच हातात आलेली असते. (उधारीवर काम केले नसेल तर.)

आमचे हे म्हणणे त्याला पूर्ण पटले असे नाही. तरुण माणूस आहे, त्याच्या डोळ्यांत मुंबईचे दिवे आहेत. बहीणही आमच्यावर थोडी रुसली. तिला वाटले, मामाने पोराचे पाय ओढले. पण गेल्या महिन्यात त्याने आपणहून एक गोष्ट केली. दुकान गहाण न ठेवता, घरच्याच जागेत, रस्त्याकडेला पत्र्याची साधी शेड घातली आणि चार टेबले मांडली. दुपारी जेवण त्याची आई आणि बायको करतात, तो वेल्डिंगवरून दीड वाजता येऊन गल्ल्यावर बसतो. नाचणीची भाकरी आणि मटण. तलाव तिथून दिसत नाही. मागच्या पाण्याच्या टाकीवर चढले तर एका कोपऱ्यातून थोडासा दिसतो. परवा एका पुण्याच्या कुटुंबाने विचारले, तर त्याने शिडी लावून दिली. पैसे घेतले नाहीत. शिडीला दोन्ही बाजूंनी कठडा मात्र त्याने आधीच जोडून ठेवला होता.